जाळ्याला गुण कोण देतं? उत्क्रांतीच्या रीतीने नेटवर्कची मॉडेल्स शोधताना

जटिल जाळ्यांवरच्या या मालेत आज आपण एका शोधपद्धतीबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात अंधाराच्या एका गोष्टीने करू.

३० जुलै २०१२. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची वीज गेली. एखाद्या शहराची नव्हे, अख्खी उत्तर ग्रिड कोसळली. दिवसभरात ती सावरली आणि दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एकच्या सुमारास, पुन्हा कोसळली. या वेळी पूर्व आणि ईशान्य ग्रिडही तिच्याबरोबर गेल्या. साधारण साठ कोटी माणसं राहतात एवढा हा प्रदेश. आपली पश्चिम ग्रिड तगली, पण ती नुसती लांबून बघत नव्हती. दोन्ही दिवशी सुरुवात झाली ती बिना, ग्वाल्हेर, आग्रा या ४०० किलोव्होल्टच्या मार्गावर, म्हणजे पश्चिम आणि उत्तर ग्रिडला जोडणाऱ्या दुव्यावर. आजूबाजूच्या बऱ्याच लाइन्स बंद होत्या, त्यामुळे या मार्गावर भार चढला. लाइनवरच्या संरक्षक रिलेला तो भार बिघाडासारखा दिसला आणि त्याने लाइन तोडली. मग तो भार दुसरीकडे गेला, तिथल्या लाइन्स तुटल्या, आणि पुढचं सगळं काही मिनिटांत झालं.

आता कुणालाही पडेल असा प्रश्न: जाळं कसं विणलेलं असतं तर हे टळलं असतं? खऱ्या ग्रिडवर प्रयोग करून तर हे बघता येत नाही. त्यासाठी मॉडेल लागतं. आणि हजारो दुव्यांचं जाळं असलं की कुठला दुवा कुठे हलवायचा, कुठल्या नियमाने जाळं वाढवायचं, हे हाताने शोधणं अशक्य होतं. म्हणून लोक संगणकाला उत्क्रांतीची युक्ती शिकवतात. ती चालते कशी, आणि ती तुम्हाला कुठे बनवते, हे आज बघायचं आहे. ग्रिडकडे शेवटी परत येऊ.

आधी मॉडेल म्हणजे काय ते पटकन उजळून घेऊ, कारण मागच्या वेळी काही जण नव्हते. जाळं म्हणजे नोड आणि त्यांच्यामधले दुवे. एर्डिश आणि रेन्यी यांनी १९५९ साली सगळ्यात साधं मॉडेल अभ्यासलं: दुवे नशिबावर सोडा. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवलं की शेजाऱ्या-शेजाऱ्यांना जोडलेल्या वर्तुळातले मोजके दुवे उचलून भलतीकडे लावले, तर जग एकदम लहान होतं. पुढच्याच वर्षी बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी ‘ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं’ हा नियम घातला आणि मोठमोठी केंद्रं असलेली जाळी उगवली. ही तिन्ही मॉडेल्स माणसांनी डोकं लढवून काढली. प्रत्येकात फिरवायला एखाददुसरं बटण. पण तुमच्यासमोर असलेलं जाळं या तिन्हींपैकी एकासारखंही नसेल तर? बहुतेक वेळा नसतंच.

तर आता युक्ती. ज्वारीची काढणी करताना जुनी माणसं भरदार कणसं बाजूला काढून बियाण्यासाठी राखत असत. त्या कणसात नेमकं काय चांगलं आहे याचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, ठाऊक असण्याची गरजही नव्हती. निवड करायची, पेरायचं, पुढच्या वर्षी पुन्हा निवडायचं. उत्क्रांतीचे अल्गोरिदम हेच करतात. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेखेनबेर्ग यांनी १९६४ मध्ये याचा जो प्रयोग केला तो आम्हाला फार आवडतो, कारण त्यात संगणक नव्हता. सहा पट्ट्या पाच बिजागऱ्यांनी जोडलेल्या, आणि हे सगळं वाऱ्याच्या बोगद्यात ठेवलेलं. प्रत्येक बिजागरी ५१ जागांवर अडकवता येई. म्हणजे एकूण रचना ५१ चा पाचवा घात, साडेचौतीस कोटी. हवेचा विरोध कमीत कमी होईल अशी रचना शोधायची. बिजागऱ्या किती हलवायच्या ते खिळ्यांच्या फळीवरून गोट्या सोडून ठरवत. नवी रचना बरी निघाली तर ठेवायची, नाहीतर जुनीवर परतायचं. वाकड्यातिकड्या आकारापासून सुरुवात करून पट्ट्या हळूहळू सपाट झाल्या.

सपाट पट्टीला सगळ्यात कमी विरोध होतो हे आधीच माहीत होतं. मग प्रयोग कशाला? तर त्यासाठीच. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर पद्धत तपासून घेतली नाही, तर उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर तिच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवणार? हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेत जॉन हॉलंड यांनी याच सुमारास दुसऱ्या बाजूने विचार केला आणि १९७५ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यांच्या पद्धतीत एकच उमेदवार नसतो, उमेदवारांची एक सबंध पिढी असते. प्रत्येकाला गुण द्यायचे. जास्त गुणवाल्यांना पुढच्या पिढीचे आईबाप होण्याची संधी जास्त. दोघांचा संकर करायचा, म्हणजे अर्धं याचं, अर्धं त्याचं घ्यायचं. अधूनमधून एखाद्या जागी नशिबाने बदल करायचा, त्याला उत्परिवर्तन म्हणायचं. आणि पुन्हा गुण.

जाळ्यावर हे कसं लावायचं? समजा वीस गावं आहेत. त्यांच्या जोड्या १९०. प्रत्येक जोडीसाठी एक खूण: रस्ता आहे तर १, नाही तर ०. झालं, १९० अंकांची एक ओळ म्हणजे एक जाळं. अशा ओळी किती? २ चा १९० वा घात, ५८ आकडी संख्या. एकेक करून तपासायच्या म्हटलं तर विश्वाचं वय पुरणार नाही, आणि ही फक्त वीस गावं आहेत. म्हणून निवड आणि उत्परिवर्तन.

संकराचं मात्र जाळ्यांशी फारसं जमत नाही, आणि यावर थोडं थांबायला हवं, कारण नवशिक्यांचे महिने यात जातात. समजा दोन उमेदवार आहेत. दोन्ही चांगले. पहिल्यात मोठं केंद्र तिसऱ्या क्रमांकाच्या नोडवर आहे, दुसऱ्यात तेच केंद्र सतराव्या नोडवर आहे. नोडची नावं काढून टाकली तर दोन्ही जाळी हुबेहूब एकच. पण ओळ म्हणून लिहिल्यावर ती निराळी दिसतात. आता अर्धं याचं, अर्धं त्याचं घ्या. अपत्यात एकतर दोन अर्धवट केंद्रं येतील, नाहीतर एकही येणार नाही. दोन उत्तम आईबापांचं पोर विस्कळीत निघालं. हा दोष आईबापांचा नाही, आपण त्यांना ज्या भाषेत लिहिलं त्या भाषेचा आहे. केनेथ स्टॅनली आणि रिस्टो मीक्कुलायनेन यांनी २००२ मध्ये कृत्रिम चेताजाळ्यांसाठी यावर एक छान तोड काढली: प्रत्येक नवा दुवा जन्मला की त्याला कायमचा अनुक्रमांक द्यायचा, आणि संकराच्या वेळी सारख्या क्रमांकाचे दुवे समोरासमोर ठेवायचे. सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसं. मालक बदलला तरी नंबर राहतो, म्हणून दोन कागद ताडून बघता येतात. ज्यांना एवढा खटाटोप नको असतो ते संकर सोडून देतात आणि नुसत्या उत्परिवर्तनावर काम भागवतात. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुख्य गोष्ट. गुण कशाला द्यायचे?

वीस गावांकडे परत या. आम्ही हा प्रश्न वर्गात देतो तेव्हा पहिलं उत्तर हमखास येतं: कुठल्याही गावाहून कुठल्याही गावाला लवकर पोचता आलं पाहिजे. म्हणजे गावागावांमधलं सरासरी अंतर, किती टप्पे पडतात ते, कमीत कमी. ठीक. संगणकाला सांगा. काही पिढ्यांत तो उत्तर देतो: सगळ्या गावांना सगळ्या गावांशी जोडा. १९० रस्ते, अंतर १. वर्ग हसतो. पैसे कोण देणार? मग अट घालतात: जाळं तुटता कामा नये, पण रस्ते कमीत कमी, म्हणजे १९. आता सर्वोत्तम उत्तर तारा. मधे तालुक्याचं गाव, आणि बाकीची एकोणीस गावं त्यालाच जोडलेली. सरासरी अंतर १.९. वीस गावं एका वर्तुळात जोडली तर रस्ता एकच जास्त लागतो आणि अंतर सव्वापाचच्या वर जातं, त्यामुळे ताऱ्याचं यश डोळ्यात भरण्यासारखं आहे. फक्त पावसाळ्यात तालुक्याचं गाव पाण्यात गेलं की एकोणीसच्या एकोणीस गावं एकेकटी पडतात. याचे गुण कापा असं आपण सांगितलंच नव्हतं. संगणकाने काही चूक केली नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर त्याने चोख दिलं.

रामोन फेरेर इ कान्चो आणि रिकार्ड सोले यांनी या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच खेळ शास्त्रशुद्ध रीतीने खेळून बघितला. त्यांनी गुणांमध्ये दोन गोष्टींची मिसळ केली: एक सरासरी अंतर, दुसरी दुव्यांची दाटी. लॅम्डा नावाचं एक बटण. ते शून्याकडे फिरवलं की दुव्यांचा खर्च महत्त्वाचा, एककडे फिरवलं की अंतर महत्त्वाचं. सुरुवात नशिबाने जोडलेल्या जाळ्यापासून. थोडे दुवे बदला, एकूण बरं झालं तर ठेवा, नाहीतर सोडा. रेखेनबेर्गच्या पट्ट्यांसारखंच, एकाच उमेदवाराची उत्क्रांती. बटण शून्याकडून एककडे नेताना त्यांना क्रमाने चार प्रकारची जाळी मिळाली. आधी सगळे नोड साधारण सारख्या ऐपतीचे. मग काही थोडी मोठी केंद्रं आणि पुष्कळ लहान नोड, म्हणजे बाराबाशी-आल्बर्ट यांच्या जाळ्यांच्या जवळ जाणारी वाटणी. मग तारा. आणि शेवटी सगळ्यांना सगळे जोडलेलं दाट जाळं.

हा निकाल सुंदर आहे. केंद्रं तयार व्हायला ‘श्रीमंत आणखी श्रीमंत होतो’ असा वाढीचा नियम लागतोच असं नाही, नुसती काटकसर आणि घाई यांच्या ओढाताणीतूनही ती निघू शकतात. पण एक बारीक गोष्ट बघा. जाळं अखंड ठेवायचं तर १९ दुवे लागतातच, आणि १९ दुव्यांत सगळ्यात कमी अंतर ताऱ्याचं. म्हणजे लॅम्डा शून्याच्या जरा वर गेला की कागदावरचं सर्वोत्तम उत्तर लगेच तारा असायला हवं. मग मधली ती केंद्रांची जाळी आली कुठून? ती सर्वोत्तम नाहीत. शोध जिथे अडकला ती जागा म्हणजे ती जाळी. एखादा दुवा इकडचा तिकडे केला तर काही फायदा दिसत नाही, म्हणून तिथेच मुक्काम. हा कमीपणा आहे असं आम्ही म्हणत नाही. खरी जाळीसुद्धा छोट्या छोट्या बदलांनीच घडतात, कुणी त्यांना कोऱ्या कागदावर आखत नाही. पण उत्क्रांतीच्या अल्गोरिदमने एखादं जाळं दिलं म्हणजे ‘निसर्गाला हेच हवं होतं’ असं म्हणायची घाई करू नये. त्या जाळ्यावर तुमच्या शोधाच्या रीतीचाही शिक्का असतो.

बरं, ताऱ्याची दुसरी बाजू. केंद्रं असलेली जाळी नशिबाच्या बिघाडांना चांगली तोंड देतात, पण कुणी मुद्दाम केंद्रांवरच घाव घातला तर पटकन तुटतात, हे रेका आल्बर्ट, हावूंग जोंग आणि बाराबाशी यांनी २००० साली दाखवलं. मग गुणच त्याला देऊ: सगळ्यात मोठा नोड काढा, उरलेल्या जाळ्याचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मोजा, पुन्हा सगळ्यात मोठा नोड काढा, पुन्हा मोजा, शेवटपर्यंत. या सगळ्या मापांची बेरीज म्हणजे गुण. ख्रिस्तियन श्नायडर, हान्स हेरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे केलं. त्यांचं उत्परिवर्तनही शहाणपणाचं होतं. अ–ब आणि क–ड असे दोन दुवे घ्यायचे आणि अ–ड, क–ब असे बदलायचे. कुणाचेही दुवे वाढत नाहीत, कमी होत नाहीत, फक्त जोडीदार बदलतात. ज्या वीजकेंद्राला चार लाइन्स आहेत त्याला चारच राहतात. असे बदल साठवत गेल्यावर जाळ्याला कांद्यासारखं रूप येतं. मधे मोठे नोड एकमेकांना घट्ट धरून, त्याभोवती त्यांच्याहून लहान नोडची कडी, त्याभोवती आणखी लहान. वरचा पापुद्रा सोलला तरी आतला कांदा शाबूत, आणि गाभ्यातलं केंद्र काढलं तरी कडीतले एकमेकांना धरून असतात.

आत्तापर्यंत आपण जाळंच उत्क्रांत केलं. आता आणखी एक पायरी. जाळं नको, जाळं ज्या नियमाने वाढलं तो नियम उत्क्रांत करू या. खरं मॉडेल म्हणायचं तर ते हेच.

तेल्मो मेनेझेस आणि कामीय रॉथ यांचं २०१४ चं काम या दिशेने आहे. त्यांचा उमेदवार म्हणजे एक छोटं सूत्र. कुठल्याही दोन नोडमध्ये नवा दुवा पडण्याचा कल किती, हे ते सूत्र सांगतं. सूत्रात वापरायला कच्चा माल दिलेला: या नोडला किती दुवे आहेत, त्या नोडला किती, दोघांमधलं अंतर किती, नोडचा क्रमांक कितवा, आणि बेरीज, गुणाकार, ‘जर-तर’ अशी हत्यारं. एक सूत्र घ्यायचं, त्याने रिकाम्या नोडपासून जाळं वाढवायचं, आणि ते खऱ्या जाळ्याशी ताडून बघायचं. मग सूत्रांमध्येच फेरफार करायचे, एका सूत्राची फांदी तोडून तिथे दुसरी लावायची, आंब्याचं कलम करतात तसं.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली सोपी: एकाच सूत्राने दोनदा जाळं वाढवलं तर दोन वेगळी जाळी येतात, कारण दुवे नशिबाने पडतात. त्यामुळे गुणही डळमळतात. एखादा उमेदवार खरंच चांगला होता की त्याला लॉटरी लागली, हे कळायला तीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

दुसरी अडचण खोल आहे. ‘खऱ्या जाळ्याशी ताडून बघायचं’ म्हणजे काय करायचं? सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा एक गोलकृमी आहे. त्याच्या उभयलिंगी प्राण्यात ३०२ चेतापेशी असतात आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी त्यातल्या २८२ पेशी घेऊन दोन आकडे काढले: सरासरी अंतर २.६५ आणि गुच्छांक ०.२८. गुच्छांक म्हणजे एकाच नोडचे दोन शेजारी आपसातही जोडलेले असण्याचं प्रमाण. बऱ्याच जणांना वाटतं, हे दोन आकडे जुळले की मॉडेल जुळलं. तर कागद घ्या आणि करून बघा. २८२ पैकी ८४ नोड घ्या आणि त्यांना एकमेकांशी पूर्णपणे जोडून टाका. उरलेले १९८ नोड या ८४ जणांना सारखे वाटून, एकेका दुव्याने लोंबकळत ठेवा. लोंबणाऱ्यांचा गुच्छांक शून्य, गड्ड्यातल्यांचा एकच्या जवळ, आणि सरासरी येते ०.२८. अंतर निघतं २.४. आता लोंबणाऱ्यांपैकी चाळीसेक नोड तिथून काढून दुसऱ्या लोंबणाऱ्यांच्या टोकाला अडकवा, अंतर २.६५ च्या आसपास येतं. दोन्ही आकडे जुळले! आणि हे जाळं कुठल्याच प्राण्याचा मेंदू असू शकत नाही. एक गच्च गड्डा आणि त्याला फुटलेल्या दोनशे मुळ्या.

आम्ही हे विद्यार्थ्यांपुढे ठेवतो तेव्हा वर्ग जरा गप्प होतो, कारण अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून पेपर सोडवल्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीला असतो. उत्क्रांतीचा अल्गोरिदम हा त्या कलेतला पहिल्या नंबरचा विद्यार्थी आहे. तुम्ही दोन प्रश्न विचारणार हे त्याला कळलं, की तो दोनच प्रश्नांची तयारी करतो, आणि ती तुमच्यापेक्षा चांगली करतो.

मेनेझेस आणि रॉथ यांनी यावर तीन उपाय केले. एक, नुसत्या सरासऱ्या न घेता पूर्ण वाटण्या ताडल्या: किती नोडना किती दुवे, अंतरांचा पसारा कसा, तीन-तीन नोडच्या जुळण्या कुठल्या आकाराच्या, अशी अनेक मापं एकत्र. आमच्या गड्ड्याला इथे पहिल्याच फेरीत घरी जावं लागेल. दोन, सारखेच गुण मिळवणाऱ्या सूत्रांत आखूड सूत्राला झुकतं माप दिलं, कारण लांबलचक सूत्र पाठांतर करू शकतं आणि माणसाला त्यातून समजत काहीच नाही. आणि तीन, रेखेनबेर्गच्या सपाट पट्टीची आठवण ठेवा: त्यांनी आधी स्वतः माहीत असलेल्या नियमांनी जाळी बनवली, एर्डिश-रेन्यी यांच्या रीतीने, बाराबाशी-आल्बर्ट यांच्या रीतीने, आणि अल्गोरिदमला ती जाळी देऊन नियम ओळखायला सांगितलं. त्याने ओळखले. त्यानंतरच ते खऱ्या जाळ्यांकडे वळले. कृमीच्या मेंदूसाठी आणि एका सामाजिक जाळ्यासाठी त्यांना अशी सूत्रं मिळाली की ती वाचून माणसाला काहीतरी उमजतं.

तरी एक शंका उरतेच. जुळणारा नियम म्हणजे खरा नियम का? दोन वेगवेगळ्या वाटांनी माणसं एकाच गावी पोचतात. पोचलेल्या माणसाकडे बघून तो कुठल्या वाटेने आला हे कसं सांगणार? जाळ्याचं एकच चित्र, एका क्षणाचं, हाताशी असेल तर हा पेच सुटत नाही. जाळं वाढतानाची चित्रं असतील, पहिल्या वर्षीचं, पाचव्या वर्षीचं, तर वाटेचा माग लागतो. म्हणून आमचा आग्रह असतो की विदेचा काही भाग अल्गोरिदमला दाखवूच नये. कपाटात ठेवावा, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. मॉडेल पूर्ण झालं की कपाट उघडायचं. आम्ही स्वतः एकदा हा नियम मोडला. झाकून ठेवलेला भाग बघितला, मॉडेल जुळलं नाही, गुणांची पद्धत जरा बदलली, पुन्हा बघितला, असं चारपाच वेळा केलं आणि शेवटी जुळलं. फार आनंद झाला. आमच्यापैकीच एकाने विचारलं, की या चारपाच फेऱ्यांत निवड कोण करत होतं? आम्हीच करत होतो. उत्क्रांती संगणकात चालू होती तशी आमच्या टेबलावरही चालू होती. ते काम आम्ही फाइलमध्ये बंद करून ठेवलं.

एक वेगळा मार्ग जाता जाता सांगतो. नदाव काश्तान आणि उरी अलोन यांनी २००५ मध्ये तर्कद्वारांची छोटी मंडलं उत्क्रांत केली. एकच ध्येय ठेवलं तेव्हा मंडलं काम बरोबर करत, पण आतून तारांचा गुंता. मग त्यांनी ध्येय ठरावीक पिढ्यांनी बदलत ठेवलं, पण असं की दोन्ही ध्येयांतले छोटे उपप्रश्न तेच राहतील, फक्त त्यांची मांडणी बदलेल. तेव्हा मंडलांत सुटे सुटे कप्पे तयार झाले, आणि ध्येय बदललं की थोडक्या बदलांत ती नव्या ध्येयाला जुळवून घेऊ लागली. परीक्षा दरवेळी तीच नसेल तर पाठांतर परवडत नाही, समजून घ्यावंच लागतं.

आता ग्रिड. कांद्यासारखं जाळं बघून कुणालाही वाटेल, चला, विजेचं जाळं तसं विणू या. वीज मात्र आडवाटेने चालते. पत्र किंवा प्रवासी सगळ्यात जवळच्या रस्त्याने जातात, वीज उपलब्ध असलेल्या सगळ्या रस्त्यांनी एकदम जाते, ज्याचा विरोध कमी तिथून जास्त. एक लाइन तुटली की भार शेजारच्याच लाइनवर येईल असंही नाही, तो शेकडो किलोमीटरवर उमटू शकतो. पॉल हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेच्या पूर्व ग्रिडमधल्या भागांवर हे तपासलं. एकीकडे नुसत्या नोड-दुव्यांच्या आकारावरून काढलेली दुबळेपणाची मापं, दुसरीकडे विजेचा प्रवाह धरून केलेलं अनुकरण. आकारावरची मापं ढोबळ कल्पना देतात, पण नेमका धोका कुठे हे विचारलं तर फसवू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे अखंड तुकड्याच्या मापाला गुण देऊन उत्क्रांत केलेलं जाळं त्या मापात पहिलं येईल आणि वीज वाहायला लागल्यावर नापास होऊ शकेल.

म्हणून आज या क्षेत्रातली मंडळी गुणांच्या आत प्रवाहाचं गणित घालतात. प्रत्येक उमेदवार जाळ्यावर वीज सोडायची, लाइन्स तोडून बघायच्या, किती घरं अंधारात जातात ते मोजायचं. हे फार महाग आहे. आकाराचं माप चुटकीसरशी निघतं, प्रवाहाचं अनुकरण वेळ खातं, आणि ते प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक उमेदवारासाठी करायचं असतं. मग तडजोड होते: बहुतेक पिढ्या स्वस्त मापावर काढायच्या आणि निवडक उमेदवारांची महागडी परीक्षा घ्यायची. आमच्या मते ही तडजोड रास्त आहे, पण ती केली आहे हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलं पाहिजे, शेवटच्या परिशिष्टात नाही.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: ‘२०१२ च्या आधी असा अल्गोरिदम चालवला असता तर बिना-ग्वाल्हेर मार्ग सापडला असता का?’

प्रामाणिक उत्तर असं की कशाला गुण दिले असते यावर ते अवलंबून आहे. त्या दिवशी बंद असलेल्या लाइन्ससकट प्रवाह मोजला असता, तर हा दुवा ताणलेला आहे हे दिसलं असतं. पण तो तुटला तो वजनाने नव्हे, रिलेच्या समजुतीने. चढलेला भार आणि खरा बिघाड यांतला फरक त्या रिलेला कळला नाही. चौकशी समितीनेही नव्या तारांबरोबर संरक्षण यंत्रणांची तपासणी करायला सांगितलं होतं. आपण आज काढलेल्या एकाही चित्रात रिले नव्हता. नोड होते, दुवे होते. दुव्याच्या टोकाला बसून तो तोडायचा की नाही हे ठरवणारा तिसरा घटक जाळ्यात कसा लिहायचा, त्या १९० अंकांच्या ओळीत त्याला कुठे बसवायचं, हे पुढच्या व्याख्यानात बघू. येताना कागद-पेन्सिल आणा, गड्ड्याचं गणित ज्यांचं राहिलं आहे त्यांनी ते करून आणा.